चौथ्या शस्त्रक्रियेचा निर्णय कसा घ्यावा?

अबोली:

नमस्कार. गेली साडेआठ वर्षे मी एकाच आजाराबरोबर जगते आहे. आता समोर आलेला प्रश्न डॉक्टरांना विचारून सुटणारा नाही, कारण त्यांनी तो माझ्याच हाती परत दिला आहे. म्हणून येथे सविस्तर लिहिते.

मला लायपोसार्कोमा आहे, म्हणजे मेदपेशींपासून उद्भवणारा कर्करोग. तो पोटाच्या मागच्या भागात, आतड्यांच्या पाठीमागे आणि उजव्या मूत्रपिंडाला वेढून वाढला होता. पहिल्यांदा सापडला तेव्हा गाठ २६ सेंटीमीटर लांब होती आणि तरीही मला काहीच दुखत नव्हते. कपडे कमरेला घट्ट होऊ लागले होते, आणि वजन वाढले असावे असे समजून मी चालणे वाढवले होते. त्या शस्त्रक्रियेत गाठीबरोबर उजवे मूत्रपिंड आणि मोठ्या आतड्याचा काही भाग काढावा लागला. चार वर्षांनी आजार उलटला आणि दुसरी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तीन वर्षांनी तिसरी. आता तिसरीला दीड वर्ष होत असताना सीटी स्कॅनमध्ये पुन्हा दोन गाठी दिसल्या आहेत, एक ६ सेंटीमीटरची आणि दुसरी ३ सेंटीमीटरची. मोठी गाठ ड्युओडेनमला, म्हणजे लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागाला, टेकलेली आहे. मला सध्या कोणताही त्रास नाही.

चार वर्षे, तीन वर्षे, दीड वर्ष. मध्यरात्री जाग आली की मी हेच आकडे मोजत राहते.

शल्यचिकित्सक प्रामाणिक आहेत. ते म्हणाले, "शस्त्रक्रिया करता येईल, पण आत्ताच केली पाहिजे असे मी म्हणणार नाही. तीन महिने थांबून पुन्हा स्कॅन पाहिला तरी चालेल. तुमचे मत काय, ते विचार करून सांगा." मी घरी आले आणि तेव्हापासून मला मत असे काही सापडलेलेच नाही.

तिसऱ्या वेळी एकमेकांना चिकटलेली आतडी सोडवण्यातच काही तास गेले होते. नंतर नऊ दिवस आतड्याची हालचाल सुरू झाली नाही, नाकातून नळी होती, आणि घरी आल्यावर जखमेचा खालचा भाग उसवल्यामुळे पाच आठवडे रोज ड्रेसिंग करावे लागले. पूर्ववत व्हायला सात महिने लागले. म्हणजे त्या शस्त्रक्रियेने दिलेल्या दीड वर्षातले अकरा महिनेच खऱ्या अर्थाने माझे होते. असा हिशेब मांडणे योग्य की कृतघ्नपणाचे, हेही मला कळत नाही.

ज्यांना हे पुन्हा पुन्हा करावे लागले आहे त्यांनी निर्णय कसा घेतला? मागचे सगळे आठवत असताना पुन्हा त्या टेबलावर कसे गेलात? आणि घरच्यांशी कसे बोललात? माझे घरचे मला "तू लढणारी आहेस" असे सांगतात. ते प्रेमानेच म्हणतात, पण ते ऐकल्यावर मला "मी थकले आहे" असे म्हणण्याची सोय उरत नाही.


वाटसरू:

अबोलीताई, मला हाच आजार चौदा वर्षांपासून आहे आणि आजवर माझ्या सहा शस्त्रक्रिया झाल्या आहेत. आपण मांडलेला हिशेब कृतघ्नपणाचा नाही. तो हिशेब तिसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वीच मांडायला हवा होता, असे मला माझ्या बाबतीत आजही वाटते.

पहिल्या दोन वेळा मी काहीही विचारले नाही, कारण गाठ आहे म्हणजे ती काढायची, यापलीकडे मला काही सुचत नव्हते. चौथ्या वेळी माझ्या डॉक्टरांनीच मला थांबवले आणि विचारले, "ही शस्त्रक्रिया तुम्हाला कशासाठी हवी आहे?" मी म्हणालो, बरे होण्यासाठी. त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की आपल्याला पूर्ण बरे करण्याची संधी बहुतेक पहिल्याच वेळी होती, यापुढची प्रत्येक शस्त्रक्रिया काळ मिळवण्यासाठी आणि त्रास टाळण्यासाठी आहे. ते ऐकून मी आठ दिवस कोणाशी धड बोललो नाही. परंतु त्यानंतरचे माझे सगळे निर्णय सोपे झाले नसले तरी स्पष्ट झाले, कारण कशाच्या बदल्यात काय मिळणार आहे हे मला विचारता येऊ लागले. या वेळी कोणता अवयव जाण्याची शक्यता आहे, तो गेल्यावर रोजच्या जगण्यात काय बदलेल, सावरायला माझ्या वयात किती महिने लागतील, आणि न केल्यास पुढच्या वर्षभरात नेमके काय होण्याची भीती आहे, हे प्रश्न मी कागदावर लिहून नेतो आणि उत्तरेही तिथेच लिहून घेतो. घरी आल्यावर माणसाला आपल्याला हवे तेवढेच आठवते.

चौथ्या आणि पाचव्या शस्त्रक्रियेच्या मधे मी सव्वादोन वर्षे गाठ पोटात घेऊन जगलो. सुरुवातीला ते असह्य होते. अंगात काही वाढत आहे आणि आपण शांत बसलो आहोत, हे मनाला पटत नाही. पण त्या सव्वादोन वर्षांत मी नोकरी केली, मुलीचे शिक्षण पूर्ण होताना पाहिले आणि एकदाही रुग्णालयात रात्र काढली नाही. गाठ मूत्रवाहिनीवर दाब देऊ लागली तेव्हा मात्र आम्ही लगेच तारीख ठरवली. थांबणे म्हणजे काही न करणे, असे मी तेव्हापासून मानत नाही. मात्र थांबण्याच्या काळात स्कॅनची तारीख एकदाही चुकवता येत नाही. ती शिस्त नसेल तर थांबूच नये.

टेबलावर पुन्हा कसे जायचे, याबद्दल. शरीर विसरत नाही, हे खरे आहे. पाचव्या वेळी शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी नुसत्या जंतुनाशकाच्या वासाने माझे हातपाय थरथरू लागले. सहाव्या वेळी मी भूलतज्ज्ञांना आदल्या आठवड्यातच भेटून हे सांगितले आणि मागच्या वेळी वेदना कशा आटोक्यात आल्या नव्हत्या तेही सांगितले. त्यांनी पाठीत एपिड्यूरलची बारीक नळी ठेवून वेदना कमी करण्याचे आधीच ठरवले आणि आत नेण्यापूर्वी वॉर्डमध्येच मन शांत करणारे औषध दिले. एवढ्याने फार फरक पडला. यासाठी धैर्य लागत नाही, वेळेवर सांगणे लागते. मागच्या शस्त्रक्रियेत कशाचा त्रास झाला, कोणत्या औषधाने उलट्या झाल्या, जखम कुठे उसवली, हे सगळे एका पानावर लिहून प्रत्येक नव्या डॉक्टरांच्या हातात द्यावे.

तयारीबद्दल एवढेच सांगतो की जे चार-सहा आठवडे मिळतील ते वाया घालवू नयेत. रोज दम लागेपर्यंत चालणे, श्वास आत ओढून चेंडू वर उचलण्याच्या त्या यंत्रावर सराव करणे आणि आहारातील प्रथिने वाढवणे, यांचा उपयोग मला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाटेवरून उठताना थेट जाणवला. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो: घरी परतल्यावर साधारण तिसऱ्या आठवड्यात, सगळे भेटून गेलेले असताना, मला दर वेळी कारणाशिवाय रडू येते. पहिल्यांदा मी घाबरलो होतो. आता घरच्यांना आधीच सांगून ठेवतो.


निवृत्त शल्यचिकित्सक:

मी कर्करोगाच्या शस्त्रक्रिया अनेक वर्षे केल्या आहेत. आपले रिपोर्ट पाहिल्याशिवाय सल्ला देणे योग्य होणार नाही. परंतु आपल्या शल्यचिकित्सकांनी "थांबले तरी चालेल" असे का म्हटले असावे, ते समजावून सांगता येईल.

पोटाच्या मागच्या पोकळीतील गाठीभोवती महत्त्वाच्या रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि अवयव इतके जवळ असतात की सर्व बाजूंनी निरोगी पेशींचा पुरेसा थर राखून ती काढणे बहुतेक वेळा शक्य होत नाही. म्हणूनच हा आजार दूर पसरण्यापेक्षा त्याच जागी परत येण्यासाठी ओळखला जातो. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारातील पेशी साध्या मेदपेशींसारख्या दिसतात, त्या सावकाश वाढतात आणि सहसा दूरच्या अवयवांत जात नाहीत. दुसऱ्या प्रकारात पेशींनी ते साधर्म्य गमावलेले असते, वाढ वेगाने होते आणि फुप्फुसांत पसरण्याचा धोका असतो. दोन्हींत १२ व्या गुणसूत्रावरील एमडीएम२ या जनुकाच्या अनेक जादा प्रती आढळतात. पहिला प्रकार एखाद्या पुनरुद्भवाच्या वेळी दुसऱ्यात रूपांतरित झालेला असू शकतो. त्यामुळे आताच्या गाठी नेमक्या कोणत्या प्रकारच्या आहेत, स्कॅनमध्ये त्या मेदासारख्या काळसर दिसतात की त्यांत घट्ट भाग आहे, आणि असेल तर त्या घट्ट भागाची सुईने बायोप्सी करावी का, हा आपला पहिला प्रश्न असायला हवा.

दुसरा मुद्दा वाढीच्या वेगाचा आहे. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातील शल्यचिकित्सकांनी याच आजाराच्या पुनरुद्भवाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची गाठ महिन्याला साधारण एक सेंटीमीटरपेक्षा कमी वेगाने वाढत होती त्यांना पुन्हा शस्त्रक्रिया केल्याचा लाभ दिसला. ज्यांची त्याहून वेगाने वाढत होती त्यांच्यात आजार इतक्या लवकर परतत होता की केवळ शस्त्रक्रियेने फारसे साधत नव्हते. हा निसर्गनियम नव्हे, पण विचार करण्याची दिशा त्यातून मिळते. वेग एका स्कॅनवरून कळत नाही, त्यासाठी दोन लागतात. आपल्या शल्यचिकित्सकांना तीन महिन्यांनंतरचा दुसरा स्कॅन बहुधा याचसाठी हवा आहे. आपण दोन शस्त्रक्रियांमधील वर्षे मोजत आहात हे स्वाभाविक आहे, पण ते अंतर तपासण्या किती वेळा झाल्या आणि शस्त्रक्रिया कधी ठरवली यांवरही अवलंबून असते. गाठीच्या वाढीचा वेग हे त्याहून अधिक खरे माप आहे.

इतर उपचारांविषयी थोडक्यात. शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार द्यावेत का, याची २६६ रुग्णांवर केलेली स्ट्रास नावाची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ती प्रथमच झालेल्या गाठींवर होती आणि एकंदर रुग्णांमध्ये लाभ दिसला नाही. आपल्यासारख्या स्थितीत, रिकाम्या झालेल्या जागेत आतडी उतरलेली असताना, पुरेशी मात्रा सुरक्षितपणे देणेही अवघड असते. सावकाश वाढणाऱ्या प्रकारावर केमोथेरपीचा प्रभाव कमी असतो. दुसऱ्या प्रकारासाठी डॉक्सोरुबिसिन, ट्रॅबेक्टेडिन आणि एरिब्युलिन ही औषधे वापरली जातात. शस्त्रक्रियेला पूर्ण पर्याय म्हणून नव्हे, तर वाढ रोखण्यासाठी.

वारंवार पोट उघडण्याचे धोके दर वेळी वाढत जातात, हे मी स्पष्टपणे लिहितो. चिकटलेली आतडी सोडवताना त्यांना छिद्र पडू शकते, नंतर गळती होऊ शकते, आणि कमकुवत झालेल्या पोटाच्या भिंतीत हर्निया होऊन पुढे जाळी बसवावी लागते. आपल्या बाबतीत ड्युओडेनम हा कळीचा मुद्दा आहे. त्याच्या भिंतीचा लहान तुकडा काढून शिवता येत असेल तर गोष्ट वेगळी, आणि त्याबरोबर स्वादुपिंडाचा त्याला लागून असलेला भाग काढावा लागणार असेल तर फारच वेगळी. या दोन शस्त्रक्रियांची एकमेकींशी तुलना होऊ शकत नाही, म्हणून यांपैकी कोणती अपेक्षित आहे हे संदिग्ध ठेवू देऊ नका. हा आजार विरळ आहे, त्यामुळे सार्कोमाचे रुग्ण नियमित पाहणाऱ्या, जिथे शल्यचिकित्सक, क्ष-किरणतज्ज्ञ, पेशीविकृतितज्ज्ञ आणि औषधोपचार करणारे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात अशा केंद्राचे दुसरे मत घेणे अगत्याचे आहे. त्याने आपल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

आपल्याला एकच मूत्रपिंड आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि प्रत्येक सीटी स्कॅनपूर्वी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट दाखवा. पोटातील मोठ्या कर्करोग शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून सुमारे चार आठवडे इंजेक्शने घेण्याचा सल्ला सहसा देतात. घरी गेल्यावर अनेक रुग्ण ती बंद करतात. तसे करू नये.


सोबती:

माझ्या पत्नीला अंडाशयाचा कर्करोग होता. तो दोनदा उलटला. पहिल्या पुनरुद्भवानंतर तिने शस्त्रक्रिया करून घेतली, दुसऱ्यानंतर नकार दिला. मी रुग्ण नव्हतो, शेजारी बसणारा होतो, म्हणून फक्त घरच्यांविषयी लिहितो.

"तू लढणारी आहेस" असे मीही म्हणत असे. त्यातला अर्धा भाग तिच्यासाठी होता आणि अर्धा माझ्यासाठी, कारण ती थांबली तर माझे काय होईल याचा विचार करण्याचे बळ माझ्यात नव्हते. एका संध्याकाळी तिने मला सांगितले, "पुढचे ऑपरेशन मी केले तर ते तुमच्यासाठी करीन, आणि मला ते कोणासाठीही करायचे नाही." मला राग आला. तो राग ओसरायला काही दिवस लागले, आणि ते दिवस मी तिच्यापासून दूर राहून घालवले याची खंत मला आजही आहे. शेवटी आम्ही दोघे एकत्र डॉक्टरांकडे गेलो आणि माझ्यासमोर तिने आपले म्हणणे त्यांना सांगितले. घरी ऐकू न आलेली गोष्ट मला त्या खोलीत ऐकू आली. आपणही घरातील एका व्यक्तीला सोबत नेऊन सगळे त्यांच्या देखत विचारावे.

नकार दिल्यानंतर ती चौदा महिने जगली. आधीच्या शस्त्रक्रियेचा तिला पश्चात्ताप नव्हता आणि नकाराचाही नव्हता. पॅलिएटिव्ह केअरचे पथक म्हणजे शेवटच्या आठवड्याची व्यवस्था, असा आमचा समज होता आणि तो चुकीचा निघाला. त्यांनी तिच्या वेदना, झोप आणि मळमळ यांवर जे काम केले ते दोन वर्षे आधी सुरू होऊ शकले असते. फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगाच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निदानानंतर लगेच ही मदत मिळालेल्यांचे जीवनमान चांगले राहिले, नैराश्य कमी आढळले आणि ते सरासरीने अधिक काळ जगले, हे मला तिच्यानंतर वाचायला मिळाले. शस्त्रक्रिया करायची ठरवली तरी त्यांना आत्ताच भेटा.


नीलमोहर:

माझा आजार आपल्याइतका कठीण नाही. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर पुन्हा पुन्हा उगवणारा कर्करोग आहे. दुर्बिणीने मूत्रमार्गातून आत जाऊन तो खरवडून काढतात, पोट उघडावे लागत नाही. आजवर अकरा वेळा झाले आहे. म्हणून शस्त्रक्रियेबद्दल मी काही सांगणार नाही, फक्त तपासणीच्या आधीच्या आठवड्याबद्दल सांगते.

तो आठवडा कशानेही सुसह्य होत नाही, हे मान्य केल्यावर मला थोडे हलके वाटले. त्या आठवड्यात मी कोणताही मोठा निर्णय घेत नाही आणि कोणालाही वचन देत नाही. तपासणी आणि निकाल यांच्यातले दिवस मात्र कमी करता येतात. स्कॅनची वेळ ठरवतानाच डॉक्टरांच्या भेटीची वेळ शक्य तितकी जवळची मागून घ्यावी, आणि रिपोर्ट एकट्याने मोबाईलवर उघडू नये. मी एकदा उघडला होता. त्यातल्या एका शब्दाचा चुकीचा अर्थ लावून मी चार दिवस काढले.


अबोली:

तीन महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे. आपल्या सर्वांचे प्रतिसाद मी छापून घेतले होते आणि दुसऱ्या मतासाठी गेले तेव्हा ते पिशवीत होते.

बायोप्सी झाली. गाठी अजूनही सावकाश वाढणाऱ्या प्रकारच्याच आहेत. नव्या स्कॅनमध्ये मोठी गाठ ६ वरून ६.७ सेंटीमीटर झाली आहे, म्हणजे तीन महिन्यांत एक सेंटीमीटरही नाही. लहान गाठ आहे तेवढीच आहे. दुसऱ्या केंद्रातील डॉक्टरांचे म्हणणे असे पडले की वेग पाहता आणखी थांबता येईल, परंतु मोठी गाठ ड्युओडेनमला आज फक्त टेकलेली आहे, ती भिंतीत शिरल्यावर हीच शस्त्रक्रिया कितीतरी मोठी होईल. हे ऐकल्यावर, इतके दिवस न सापडलेले माझे मत मला त्या खुर्चीतच सापडले. मी शस्त्रक्रिया करून घेणार आहे. सहा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली आहे.

मात्र या वेळी मी एक मर्यादा घातली आहे. ड्युओडेनमच्या भिंतीचा तुकडा काढण्यास माझी संमती आहे. पोट उघडल्यावर स्वादुपिंडाचा भाग काढावा लागेल असे दिसले, तर जेवढे सुरक्षितपणे काढता येईल तेवढे काढून पोट बंद करावे, असे मी सांगितले आणि शल्यचिकित्सकांनी ते माझ्यासमोर संमतिपत्रात लिहिले. माझी थोरली बहीण बरोबर होती. बाहेर आल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग तिने विचारले, "तू फार दमली आहेस का?" मी हो म्हणाले. साडेआठ वर्षांत हा प्रश्न मला घरच्या कोणी प्रथमच विचारला.

वाटसरू, आपल्याला एक विचारायचे आहे. एपिड्यूरलची नळी किती दिवस ठेवली होती, आणि ती असताना उठून चालता येत होते का?


वाटसरू:

ताई, माझी चार दिवस होती. दुसऱ्या दिवशी दोघांच्या आधाराने खुर्चीपर्यंत गेलो, तिसऱ्या दिवशी दारापर्यंत. एका पायाला किंचित बधिरपणा होता आणि उठताना रक्तदाब उतरल्याने डोके हलके व्हायचे, म्हणून परिचारिका जवळ नसताना उठायचे नाही असे त्यांनी बजावले होते. पाय जास्त जड वाटला तर लगेच सांगा, औषधाची मात्रा कमी करतात. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनच्या आणि नळी काढण्याच्या वेळांत ठरावीक अंतर ठेवावे लागते. ते भूलतज्ज्ञच पाहतात, तरी त्या दिवशी एकदा विचारून घ्या.


अबोली:

विचारीन. माझ्या त्या एका पानावर हे लिहून घेतले आहे.